तंजावरचं निरूपण, कुडाळचा वर्ग

माझ्या कुडाळच्या भरतनाट्यमच्या वर्गात मुलीचं नाव घालायला येणाऱ्या आया आधी दहावीच्या वाढीव गुणांची चौकशी करतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कुठल्या परीक्षेला किती गुण, प्रवेशिका पूर्ण आठवीत होईल का, मध्यमेपर्यंत पोचायला वेळ पुरेल का. त्यात मला काही गैर वाटत नाही. त्या निमित्तानं मुलगी चार-पाच वर्षं तट्टडवू, म्हणजे पायांचे पहिले धडे, करते, हेही थोडं नाही. पुढचा प्रश्न काही महिन्यांनी येतो आणि तो बहुधा वडील विचारतात. "मॅडम, हे गाणं कुठल्या भाषेतलं? पोरगी घरी दिवसभर म्हणते, पण आम्हाला काही कळत नाही." तमिळ, तेलुगू, कधी संस्कृत, असं मी सांगते. त्यावर ठरलेलं वाक्य येतं, "मराठीत नसतं का हो काही?"

असतं. आणि ते असतं हे आपल्याला नाचून दाखवणारा माणूस याच जिल्ह्यातला, मालवणकडचा. मूळ नाव महादेव गोपाळ कांबळी. नृत्याच्या जगात आचार्य पार्वतीकुमार. जन्म १९२१चा, निधन २०१२ साली. मालवण-कुडाळच्या रस्त्यावर कुणालाही थांबवून हे नाव विचारलं तर उत्तर मिळणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नाटकवाले, दशावतारी, भजनी बुवा यांची नावं इथे तोंडपाठ असतात. ज्या माणसानं दोनशे वर्षांपूर्वीची मराठी नृत्यरचना पोथीतून काढून रंगमंचावर उभी केली, त्याचं नाव मात्र त्याच्याच मुलखात पोचलेलं नाही.

मी त्यांच्याकडे शिकलेली नाही. मुंबईत माझी तालीम ज्या बाईंकडे झाली, त्या त्यांच्या परंपरेतल्या. लग्न होऊन मी कुडाळला आले, वर्ग काढला, आणि बाईंनी हातात दिलेल्या एका निरूपणाचे, म्हणजे तंजावरच्या तशा जुन्या मराठी नृत्यरचनेचे, तुकडे इथल्या मुलींवर बसवत गेले. आज पार्वतीकुमारांबद्दल लिहिते आहे ते या कामाच्या आधारानं. एखाद्याची रचना आपल्या विद्यार्थ्यांवर बसवताना तो कसा विचार करत असेल, कुठे थांबला असेल, काय सोडून दिलं असेल, हे जितकं कळतं तितकं चरित्र वाचून कळत नाही.

त्यांच्याबद्दल लिहिणारे सहसा त्यांच्या आयुष्याचे दोन भाग करतात. आधीचा बॅलेचा, नंतरचा भरतनाट्यमचा आणि संशोधनाचा. पहिला भाग दोन ओळींत आटपतात, जणू तो उमेदवारीचा काळ होता. मला हे पटत नाही. माझ्या मते बॅले केले नसते तर तंजावरची निरूपणं त्यांना दिसलीच नसती. वाचता आली असती, पण दिसली नसती.

चाळीसच्या दशकातली मुंबई डोळ्यांपुढे आणायला हवी. उदयशंकरांचं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र १९४४ साली बंद पडलं आणि तिथे तयार झालेले कलावंत मुंबईत आले. शांती बर्धन इप्टा या नाट्यसंस्थेच्या पथकाबरोबर अंधेरीत काम करू लागले. त्याच १९४४मध्ये कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या पुढाकारानं इंडियन नॅशनल थिएटर उभं राहिलं. या मंडळींचा बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यावर उभं राहून करायचा युरोपातला नाच नव्हता. एक विषय घ्यायचा, त्याला सलग संगीत करायचं, पंचवीस-तीस माणसं रंगमंचावर हलवायची, लोकनृत्य असो की शास्त्रीय, जिथलं जे लागेल ते वापरायचं, आणि शब्दांची फारशी मदत न घेता प्रेक्षकाला शेवटपर्यंत घेऊन जायचं. मुंबईत त्याला बॅलेच म्हणत आणि मराठीतही तोच शब्द रुळला. पार्वतीकुमार या वातावरणात वाढले. भरतनाट्यम ते गुरू चंद्रशेखर पिळ्ळै यांच्याकडे शिकले, कथक आणि कथकळीचीही तालीम घेतली, आणि इंडियन नॅशनल थिएटरसाठी 'देख तेरी बंबई'सारखे बॅले बसवले. देवादिकांच्या कथा सोडून मुंबई शहरच नाचाचा विषय करायचा, ही त्या काळातली मोठी उडी होती.

बॅले बसवणाऱ्याच्या हातात काय येतं, ते शाळांची स्नेहसंमेलनं केलेल्या कुठल्याही नृत्यशिक्षिकेला विचारा. एकट्या नर्तकीचा कार्यक्रम बसवताना तुम्ही एकेका रचनेचा विचार करता. ती संपली की टाळ्या, मग दुसरी. समूहाचं काम हाती घेतलं की पहिला प्रश्न असतो, हा गट बाहेर जाताना पुढचा गट कुठून येणार आणि मधल्या चार आवर्तनांत रंगमंचावर काय घडणार. सांधा कुठे आहे, तो प्रेक्षकाला दिसता कामा नये, पहिल्या मिनिटाला केलेली खूण चाळिसाव्या मिनिटाला परत आली पाहिजे. हा विचार अंगात मुरायला वर्षं लागतात. पार्वतीकुमारांच्या अंगात तो मुरलेला होता, आणि तो घेऊन ते तंजावरच्या साहित्याकडे वळले.

तंजावरची मराठी गादी १६७५च्या सुमाराला व्यंकोजीराजांनी स्थापन केली. शिवाजी महाराजांचे हे सावत्र भाऊ. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी नाटकं लिहिली, कीर्तन नेलं, संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी या चारही भाषांत रचना केल्या. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहानं राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांकडे किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडा टापू उरला. या माणसानं मग जे केलं ते थक्क करणारं आहे. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. धन्वंतरी महालात औषधांचं संशोधन करवलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. आणि नृत्यासाठी मराठीत साहित्य लिहिलं. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते. आज जगभर भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमानं होतो, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो या चौघांनी घडवलेला.

म्हणजे एकाच दरबारात, एकाच काळात दोन वाटा तयार होत होत्या. चौघा भावांची वाट पुढे गेली आणि सरफोजीराजांची पोथीत राहिली. त्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. भाऊ स्वतः नट्टुवनार होते, शिकवणारे होते. त्यांच्या रचना घराण्यातून आणि देवदासींच्या अंगातून पुढे गेल्या. राजाचं साहित्य मराठी होतं, आणि तंजावरचं राज्यच गेल्यावर तिथे मराठीत नाचणार कोण? कागद राहिले, नाच गेला. सरस्वती महालानं पुढे हे साहित्य 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावानं छापलं. छापून झाल्यावरही ते अभ्यासकांच्या कपाटातच होतं.

निरूपण म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळं मर्म तिथेच आहे. एका कथेवर, एका सूत्रात ओवलेले अठरा प्रकार. सुरुवातीला जयजय आणि शरणु शरणु, मग अलारू, शोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, असं करत शेवटी मंगल. यातले अर्धे शब्द भरतनाट्यमवाल्यांच्या ओळखीचे आहेत. ओळखीचं नाही ते हे, की अठराच्या अठरा प्रकार एकाच रागात आणि एकाच तालात आहेत, आणि सगळ्यांत एकच विषय पुढे सरकतो. चौघा भावांच्या क्रमात प्रत्येक रचनेचा राग वेगळा, ताल वेगळा, नायिका वेगळी, देव वेगळा. तिथे विविधता हाच दागिना. इथे राजानं मुद्दाम उलटं केलंय.

एकट्यानं नाचणाऱ्याच्या सवयीनं हे वाचलं तर पहिला विचार असा येतो, की एकाच रागात एवढा वेळ? लोक कंटाळतील. यातला तिल्लाना चांगला आहे, तेवढा काढून घेऊ. बॅले बसवलेला माणूस हेच वाचतो तेव्हा त्याला सलग संध्याकाळ दिसते. राग एकच असल्यामुळे सांधा मोडत नाही. ताल एकच असल्यामुळे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना नर्तकीला थांबावंच लागत नाही. कथा एकच असल्यामुळे वर्णात वापरलेली खूण अभिनयपदात वेगळ्या अर्थानं परत आणता येते. पार्वतीकुमारांनी हे ओळखलं. पोथीत शब्द होते, पण पाऊल कसं पडावं, मान कुठे वळावी, नजर कधी उचलावी, हे काही पोथी सांगत नाही. ते सगळं त्यांना घडवावं लागलं, आणि घडवताना त्यांनी भरतनाट्यमचं व्याकरण कुठेही ढिलं होऊ दिलं नाही. १९६८ साली त्यांनी मुंबईत संस्था काढली तिचं नावही तंजावूर नृत्यशाला. पुढे 'तंजावर नृत्यप्रबंध' हे त्यांचं पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढलं. माझ्याकडे त्याची झेरॉक्स प्रत आहे, बाईंनी दिलेली, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

आता माझ्या वर्गाकडे येते.

मुलींना तमिळ पदम शिकवताना मी आधी ओळीचा अर्थ सांगते, मग शब्दाशब्दाला हस्त, म्हणजे हाताची मुद्रा. मुली हुशार असतात, पटकन उचलतात. पण त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं की कळतं, त्या शब्द मोजताहेत. तिसऱ्या शब्दाला डोळे, पाचव्याला कपित्थ, सातव्याला वळायचं. हात बरोबर जागी जातो आणि डोळे अर्ध्या मात्रेनं मागे राहतात. भाषा येत नसेल तर हे होणारच. तमिळ घरातल्या मुलीला ही अडचण येत नाही.

निरूपणातलं पद म्हणजे बहुधा नायिकेनं सखीपाशी मन मोकळं करणं. पहिल्यांदा ते शिकवायला घेतलं तेव्हा मी हस्त सांगितलेच नाहीत. नुसतं वाचून दाखवलं. भाषा जुनी आहे, तंजावरी वळणाची आहे, चारदोन शब्द अडतात. नववीतली एक मुलगी, पिंगुळीहून येणारी, तिला म्हटलं, हे तू मैत्रिणीला सांगते आहेस असं समजून म्हण. तिनं म्हटलं. म्हणताना तिची मान आपोआप थोडी खाली गेली आणि वाक्य संपायच्या आधी नजर वर आली, मैत्रीण ऐकतेय ना हे बघायला. ती नजर मी शिकवलेली नव्हती. क्रियापद शेवटी येणार हे तिला आतून माहीत होतं, म्हणून तिनं नजर तिथपर्यंत धरून ठेवली. मग मी त्या नजरेभोवती हस्त बसवले. एरवी मी हातापासून सुरू करून डोळ्यांपर्यंत जाते, त्या दिवशी डोळ्यांपासून सुरू करून हातापर्यंत आले. 'जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन' हे आम्ही सगळेच शिकवतो. ते घडताना पाहायला मिळणं ही वेगळी गोष्ट आहे.

त्यानंतर तमिळ पदमं शिकवायची माझी पद्धतही बदलली. आता मी आधी मुलींकडून तोच मजकूर त्यांच्या मराठीत, खरं तर मालवणीत, बोलून घेते आणि मग मूळ शब्दांवर येते. मराठीतलं साहित्य हवं ते तमिळ सोडून देण्यासाठी नाही. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीनं तमिळ आणि तेलुगू रचना आदरानं शिकल्याच पाहिजेत. त्या भाषांचा मुलूख ही या नृत्याची मायभूमी आहे. पण अभिनयाचं पहिलं पाऊल मातृभाषेत पडलं, तर मुलगी दुसऱ्या भाषेतही खरं बोलू लागते.

संगीताची गोष्ट याहून अवघड. मुंबईत कर्नाटक गायक मिळतात, मृदंगम मिळतं. १९४५पासून माटुंग्यात राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर चालू आहे, तंजावरकडच्या नट्टुवनारांनीच काढलेलं. कुडाळला कोण मिळणार? वर्षानुवर्षं मी ध्वनिमुद्रणावर भागवलं. पण निरूपण ध्वनिमुद्रणावर होत नाही. सलग असल्यामुळे मुलीचा श्वास, मुलीची लय बघून गाणाऱ्याला थांबावं लागतं. शेवटी मी आमच्या गावातल्या भजनी बुवांकडे गेले. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, रात्र रात्र गाणारा माणूस. त्यांना म्हटलं, बुवा, एकाच रागात दीड तास गायचं आहे, अठरा प्रकार आहेत, ताल एकच. माझी कल्पना होती ते म्हणतील, जमायचं नाही. ते म्हणाले, "एकाच रागात? मगे तर बराच."

त्यांच्या या उत्तरावर मी पुष्कळ विचार केलाय. दर पंधरा मिनिटांनी राग बदलणाऱ्या कार्यक्रमाची सवय असलेल्या रसिकाला निरूपण जड वाटेल. आपल्याकडचा कान मात्र बडा ख्याल ऐकून, भजन ऐकून, कीर्तन ऐकून घडलेला. एका रागात तासभर बसणं आपल्याला शिक्षा वाटत नाही. सरफोजीराजांच्या मनात काय होतं ते मी कशी सांगणार? पण मराठी श्रोत्यापुढे निरूपण ठेवलं की तो त्यात बसतो, चुळबुळ करत नाही, हे मी इथल्या देवळांच्या सभामंडपात पाहिलेलं आहे.

बुवांबरोबर त्यांचा पखवाजवाला आला. आदितालाच्या आठ मात्रा मी हातावर मोजून दाखवल्या: एक थाप, तीन बोटं, मग थाप आणि उलटा हात, पुन्हा थाप आणि उलटा हात. तो बघत राहिला आणि म्हणाला, आठच ना, भजनी ठेकापण आठाचाच. इतकं सोपं नव्हतं अर्थात. ठेका भरून वाजवायची सवय त्याच्या बोटांना होती आणि मला मधे मोकळी जागा हवी होती, तट्टुकळीचा, म्हणजे माझ्या ताल धरायच्या लाकडाचा, आणि मुलींच्या पायांचा आवाज येण्यासाठी. पाऊस पत्र्यावर कोसळत असला की तट्टुकळी ऐकूच येत नाही, मग मी शोल्लू, म्हणजे नाचाचे बोल, ओरडून म्हणायचे आणि तो माझ्या ओठांकडे बघत वाजवायचा. तीर्मानम त्याला एका फटक्यात कळलं. तीनदा येऊन समेवर पडतं म्हणजे तिहाई, बाकी काय. आमच्या प्रयोगात मृदंगमचा गोडवा नाही, हे मला मान्य आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या एका जाणकारानं कार्यक्रमानंतर मला तसं स्पष्ट सांगितलं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण मृदंगम येईपर्यंत थांबले असते तर या मुली निरूपणाशिवायच विशारद झाल्या असत्या.

वर्गात एक मुलगाही आहे. त्याचे वडील दशावतारात स्त्रीपार्टी करतात. मुलाला अरैमंडी, म्हणजे गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसवायला मला फार कष्ट पडले, कारण वडिलांचं बघून बघून त्याचं वजन एका पायावर जायचं. पण डोळे आणि भुवया तयार होत्या, त्याला शिरोभेद शिकवावे लागलेच नाहीत, फक्त नावं सांगावी लागली. आम्ही निरूपणातले सात-आठ प्रकार सलग केले त्या रात्री वडील आले होते, दुसऱ्या दिवशी जत्रेचं नाटक असूनही. कार्यक्रम संपल्यावर आत आले आणि म्हणाले, "बाई, ह्यां तर आमच्या आख्यानासारख्यां आसा." गणपती झाला, सरस्वती झाली, मग एक आख्यान धरायचं आणि पहाटेपर्यंत सोडायचं नाही, हा त्यांचा रोजचा धंदा. भरतनाट्यमच्या कुठल्याही पुस्तकात मला निरूपणाचं इतकं नेमकं वर्णन सापडलेलं नाही.

मालवणकडच्या कांबळ्यांच्या मुलानं लहानपणी दशावतार पाहिला असेलच, असं मला वाटतं. या मुलखात जन्मलेल्यानं तो पाहिला नसेल हेच अवघड. त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण एक आख्यान धरून रात्र काढायची सवय असलेल्या मातीतून हा माणूस गेला, मुंबईत बॅले शिकला आणि मग तंजावरला जाऊन नेमकं हेच उचललं, हे मला योगायोगासारखं वाटत नाही.

त्यांचं दुसरं मोठं काम अभिनयदर्पणाचं. नंदिकेश्वराचा हा ग्रंथ आमच्या सगळ्या परीक्षांना असतो. अठ्ठावीस असंयुत हस्त, नऊ शिरोभेद, आठ दृष्टिभेद, चार ग्रीवाभेद. मुली ते पाढ्यांसारखे घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पार्वतीकुमारांनी या श्लोकांना कर्नाटक संगीतात बांधलं आणि ते नाचायचे करून टाकले. ग्रंथ वाचायचा नाही, करायचा. त्यांनी दाखवलेल्या या रीतीनं मी माझ्या लहान वर्गाला हस्त शिकवते: पताकेचे उपयोग एका छोट्या चालीवर म्हणत म्हणत करायचे, ढग, अरण्य, नदी, रात्र, वारा. सहा-सात वर्षांच्या मुली ते खेळ म्हणून करतात. तोंडी परीक्षेत पताकेचे विनियोग विचारले की त्यांचे हात आधी हलतात आणि श्लोक मागून येतो.

त्यांच्या शिष्यांनी हे काम पुढे नेलं. सुचेता भिडे-चापेकर त्यांच्याकडे शिकल्या, मग तंजावरच्या त्या चौघा भावांच्या घराण्यातल्या किट्टप्पा पिळ्ळैंकडे शिकल्या, आणि पुढे 'नृत्यगंगा' रचून भरतनाट्यम हिंदुस्थानी संगीतावर आणलं. संध्या पुरेचा मुंबईत सरफोजीराजांच्या नावानं भरतनाट्यमचं केंद्र चालवतात, आणि २०२२पासून त्या संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्षपदी आहेत. वारसा सांभाळला गेला, असं म्हणायला जागा आहे. पण मला वाटणारी काळजी वेगळी आहे. निरूपणाचे तुकडे पडताहेत. एका महोत्सवाच्या आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि वर सुचवलं, मराठी आहे ना, मग तिल्लाना करा, लोकांना आवडतो. सुटा तिल्लाना हा इतर शंभर तिल्लानांसारखाच एक. त्याच रागात, त्याच तालात, आधीचे नऊ प्रकार होऊन आल्यावर तो जे करतो ते दहा मिनिटांत होणार नाही. मी नाही म्हटलं. मुली हिरमुसल्या, एका आईनं थोडं सुनावलंही. मी त्या मुलींना त्याच आठवड्यात गावच्या देवळात निरूपणाचा पहिला अर्धा भाग करायला लावला, बुवा आणि पखवाजासकट. प्रेक्षक थोडे होते, भाजी-बाजार उरकून आलेले, पण शेवटपर्यंत बसले.

पूर्ण अठरा प्रकार आम्ही अजून केलेले नाहीत. जक्किणीपाशी पाय अडतात, ती लय मुलींच्या अंगात अजून उतरायची आहे. श्लोकवर्ण मला स्वतःलाच पुरतं उलगडलेलं नाही. बाईंच्या पेन्सिलीच्या खुणा तिथे एकदम विरळ होतात. मुंबईला जाऊन त्यांच्यापुढे बसायचं ठरवलंय, आणि पखवाजवाल्याला बरोबर नेणार आहे, म्हणजे मला बोल लिहून आणावे लागणार नाहीत. पिंगुळीची ती मुलगी आता विशारदला बसतेय आणि माझ्या लहान वर्गाला शनिवारी हस्त शिकवते. बुवांनी दरम्यान झेरॉक्समधलं आणखी एक निरूपण आपल्या वहीत उतरवून घेतलंय. चाल कुठल्या रागात बांधायची, यावरून आमचं जमत नाही. त्यांना बिलावल हवा, मला मोहनम. गणपती झाले की त्यावर बसायचं आहे.